सरकार विरुद्ध ॲपलगार्थ

विल्फ टिपलेडी दिवसाला एक पेन्सिल खायचा. लिहून नव्हे, तासून. फोनवर समोरचा बोलत असला की ह्याच्या हातात चाकू आणि पेन्सिल, आणि भुशाचा ढीग टेबलावर. सॉलिसिटर लांबण लावणारा असला तर ढीग मोठा. संध्याकाळी झाडणारी बाई ढिगाकडं बघून ओळखायची की आज गड्याचा दिवस कसा गेला.

लीड्सच्या पार्क स्क्वेअरमधल्या त्या चेंबरात, म्हणजे कोर्टात उभं राहणाऱ्या वकिलांच्या सामाईक कचेरीत, चोवीस बॅरिस्टर होते आणि त्या चोवीसांचा मुख्य कारकून विल्फ. थॉर्नवेल ह्या खाणीच्या गावचा. बाप, आजा, दोन्ही चुलते कोळशात गेले. बापानं सोळाव्या वर्षी ह्याला मानगुटीला धरून बसमध्ये बसवला आणि सांगितलं, जमिनीच्या वर जे मिळंल ते कर. वर मिळालं ते चहा करण्याचं काम, ते ह्याच चेंबरात. त्याला आता बेचाळीस वर्षं झाली होती. बॅरिस्टर त्याला विल्फ म्हणायचे, तो त्यांना सर आणि मिस म्हणायचा. पण कुणी कुठल्या कोर्टात कुणासाठी उभं राहायचं, हे सर आणि मिस ठरवत नव्हते. सॉलिसिटर अशिलाचे कागद गुलाबी फितीत बांधून आणायचा तो विल्फच्या टेबलावर. विल्फ डायरी उघडायचा. ती डायरी म्हणजे पाटाएवढं बाड होतं. बोलणी चालू असलेलं काम पेन्सिलीत लिहायचं, पक्कं झालं की शाईनं. पेन्सिलीतलं पुसता येतं, शाईतलं येत नाही, आणि ह्या दोहोंमधल्या जागेवर विल्फचं सगळं आयुष्य उभं होतं.

नवा बॅरिस्टर आला की विल्फ त्याला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवायचा. नियमांचं पुस्तक बॅरिस्टरांनी वाचलेलं असायचंच; विल्फ ते आपल्या भाषेत सांगायचा. म्हणायचा, सर, स्टेशनाभाईर टॅक्सीची रांग बघितलीया का? पुढं असंल त्या गाडीनं पहिलं गिऱ्हाईक घ्यायचं. मग त्यो दारू पिऊन वकत असंल, नाहीतर पाद्री असंल. तुझं तोंड मला आवडत न्हाई, म्हणायची सोय न्हाई. तुमचंबी तसंच. तारीख मोकळी हाय, काम तुमच्या हातातलं हाय, तर अशील कितीबी वंगाळ असू दे, घ्यायचं. न्हाईतर वंगाळ माणसाला वकीलच मिळायचा न्हाई, आन कोण वंगाळ ते कोर्टाच्या आधी आपुनच ठरवून मोकळं.

हे तो चांगलं सांगायचा. सांगून सांगून घोटीव झालं होतं.

पंच्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी, सिरिल मर्गट्रॉइडचा फोन आला. सिरिल एका सॉलिसिटरच्या कचेरीत कारकून होता, पण पोरवयात तीन वर्षं ह्याच चेंबरात विल्फच्या जोडीनं चहाची भांडी घासलेला. दोघांची मैत्री म्हणजे एकमेकांना शिव्या द्यायचा परवाना. त्या दिवशी मात्र सिरिलनं शिवी न देताच सुरुवात केली. होरेस ब्लेमायर्सचा खटला नोव्हेंबरात लागतोय, दहा दिवस चालेल, आणि आम्हाला मिस हेब्डन पाहिजेत.

ब्लेमायर्स म्हटल्यावर विल्फच्या हातातला चाकू थांबला. खाणीत राबणाऱ्या खाणवाल्यांचा संप चालू असताना हा ब्लेमायर्स काचेला तारेची जाळी ठोकून ट्रकनं कोळसा बाहेर काढत होता. थॉर्नवेलच्या फाटकावर रोज शे-दोनशे माणूस त्याला अडवायला उभं. आदल्या सालच्या नोव्हेंबरातल्या एका सकाळी त्यानं ट्रक हळू केला नाही. टेड लंब नावाचा सव्वीस वर्षांचा गडी चाकाखाली आला आणि डावा पाय मांडीपासून गेला. पोलिसांचं म्हणणं, जाणूनबुजून घातला. ब्लेमायर्सचं म्हणणं, दगड आले, मी घाबरलो. टेडचा आजा आणि विल्फचा बाप एकाच भुयारात वीस वर्षं खांद्याला खांदा लावून खणत होते. टेडच्या बापाबरोबर विल्फ गावच्या मैदानावर क्रिकेट खेळला होता.

आणि मिस एव्हरिल हेब्डन ही डोंगरापलीकडच्या गावातल्या खाणवाल्याची पोरगी. तिचा बाप त्या संपात वर्षभर थॉर्नवेलच्या फाटकावर उभा होता. तिनं स्वतः संपातल्या अकरा पोरांच्या बाजूनं कोर्टात काम केलं होतं आणि नऊ सोडवून आणली होती. ह्याच शरद ऋतूत तिनं रेशमासाठी अर्ज धाडला होता. राणीचा वकील झालं की अंगावर रेशमी झगा येतो, म्हणून सगळे त्याला नुसतं रेशीमच म्हणतात. एकेचाळिसाव्या वर्षी, बाईमाणूस, असल्या घरातली. मिळालं असतं तर चेंबरात पहिलंच.

सिरिलनं तीच का मागितली हे विल्फला न सांगता कळलं. साक्षीदाराची उलटतपासणी करण्यात ती वाघीण होती हे खरं, पण त्याहून, खाणवाल्याची लेक ब्लेमायर्सच्या बाजूनं उभी राहिली की ज्युरीला काय वाटायचं ते वाटणारच.

विल्फनं डायरी पुढं ओढली. नोव्हेंबरचं पान धुतलेल्या ताटासारखं कोरं होतं.

"मिस अडकल्यात," तो म्हणाला.

"कशात?"

"शेफील्डला. धा दिवस." आणि मग जिभेनं आपलं आपणच सांगून टाकलं, "सरकार विरुद्ध ॲपलगार्थ."

मग सिरिल म्हणाला, "आसं व्हय," आणि फोन ठेवला.

विल्फनं पेन्सिल उचलून नोव्हेंबरच्या पानावर ते नाव घातलं. अर्धं लिहून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं आपण काय बोललो ते. ॲपलगार्थ हे मांजर होतं. विल्फ आणि सिरिल भांडी घासायचे तेव्हा चेंबरात असलेलं, एका कानाचं, उंदरांपेक्षा लोण्यावर जास्त जगणारं बोकं. त्या वेळच्या म्हाताऱ्या कारकुनाची एक रीत होती. एखादा बॅरिस्टर कामाच्या दिवशी गळ घेऊन नदीवर गेला की तो सॉलिसिटरला सांगायचा, सर ॲपलगार्थमध्ये गुंतलेत, किती दिवस चालेल सांगता येत नाही. आणि हे दोघे पोरगे पडद्याआड तोंडात फडकं कोंबून हसायचे. पुढं विल्फनं तीच रीत उचलली. पंचवीस वर्षांत ते नाव त्यानं पाच-सहा वेळा वापरलं असेल. कधी कुणाचं काही बिघडलं नाही. अख्ख्या लीड्समध्ये ते मांजर ठाऊक असलेली दोनच माणसं जिवंत होती, आणि त्यातल्या दुसऱ्याला त्यानं आत्ता ते फोनवर ऐकवलं होतं.

त्या दिवशी दुपारी खायचा पोर्क पाय, मांस भरलेली जाड कचोरी, तसाच राहिला. घरी बायको एडनानं विचारलं काय झालं, तर म्हणाला दात दुखतोय. तिनं लवंग दिली. ती तोंडात धरून गडी स्वयंपाकघरात येरझारा घालत राहिला. उद्या फोन करून सांगू, तारीख मोकळी झाली, असं रोज रात्री ठरवायचा आणि रोज सकाळी फोनजवळ जाऊन पेन्सिल तासायला घ्यायचा. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी मिस हेब्डन जिना उतरून खाली आली. तिच्या हातात लंडनच्या बार कौन्सिलचं पत्र होतं. बॅरिस्टरांच्या वागण्याची चौकशी करणारी कमिटी तिथं बसते. त्या कमिटीकडं ब्लेमायर्सच्या सॉलिसिटरनं तक्रार धाडली होती की मोकळी तारीख असताना, अशील नकोसं आहे म्हणून, मिस हेब्डननी खोटं कारण देऊन काम नाकारलं. एकवीस दिवसांत उत्तर मागितलं होतं.

तिनं पत्र टेबलावर भुशाशेजारी ठेवलं.

"विल्फ, नोव्हेंबरात मी शेफील्डला कुणासाठी उभी आहे?"

"त्ये पेन्सिलीत हाय, मिस."

"कागद कुठायत?"

"आलं न्हाईत अजून."

"सॉलिसिटर कोण?"

विल्फनं खिडकीबाहेर बघितलं. चौकातल्या बाकावर एक बाई कबुतरांना पाव घालत होती. मग त्यानं सगळं सांगितलं, मांजरासकट. तुमच्यापायी केलं, म्हणाला. तुमचे वडील, गाव, वर अर्ज गेलेला. त्या माणसासाठी उभं राहून तुमचं नाव खराब झालं असतं. मी म्हटलं तुमच्यापर्यंत येऊच नये. बोलताना त्याचं त्यालाच ते पटत गेलं, आणि सरतेशेवटी तर त्याचे डोळेही ओलसर झाले.

मिस हेब्डननं पत्रावरचा भुसा झटकला. पत्र घेतलं आणि वर गेली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी चेंबरचे प्रमुख मिस्टर ऑइस्टन ह्यांनी त्याला बोलावलं. ते स्वतः रेशीम अंगावर घालून वीस वर्षं झालेले, आवाज साय धरलेल्या दुधासारखा. खुर्चीवर बस म्हणाले, शेरी देऊ केली. मग छताकडं बघत बोलायला लागले. डायरी ही कारकुनाची गोष्ट आहे, मी आयुष्यात उघडून पाहिलेली नाही. शेफील्डकडं एखादा ओळखीचा सॉलिसिटर असेल, ज्याला आठवेल की असं काहीतरी काम येऊ घातलं होतं.

"पेन्सिलीतली कामं बारगळतातच, नाही का विल्फ? तू इतकी वर्षं आहेस. तुला कोण सांगेल ते माहीत असेल."

असा माणूस विल्फला माहीत होता. एक नव्हे, तीन होते. एक फोन, आणि ॲपलगार्थला आई-बाप, पत्ता, गुन्हा सगळं मिळालं असतं. मिस हेब्डन सुटली असती, रेशीम आलं असतं, आणि दोन वर्षांनी विल्फ पूर्ण पेन्शन घेऊन घरी कांदे लावत बसला असता. तो उठून बाहेर आला. शेरीचा पेला तसाच भरलेला राहिला. त्याला ती कधीच आवडत नसे.

दुपारी त्यानं सिरिलला गाठलं. कोर्टामागच्या गुत्त्यात सिरिल वाटाण्यात पुदिन्याची चटणी कालवत बसला होता. विल्फनं दोघांना बिअरचा अर्धा अर्धा ग्लास आणला. सिरिलनं वर न बघता सांगितलं, "मांजार मरून तीस वर्सं झाली, विल्फ. आन तू त्येला शेफील्डला कोर्टात उभं केलंस."

विल्फला हसू आलं आणि ते अर्ध्यात मेलं.

तक्रार सिरिलनं केली नव्हती, मालकानं केली होती. पण मालकाला ॲपलगार्थ कोण ते सांगितलं सिरिलनंच. का सांगितलं, हे सांगायला त्यानं बराच वेळ घेतला. ब्लेमायर्स म्हणजे डुक्कर आहे, म्हणाला, मलाही तो आवडत नाही, कचेरीतून गेला की मी खिडकी उघडतो. पण त्यानं मला विचारलं, माझ्या बाजूनं इथं कुणी उभं राहील का? बायकोला दुकानात कुणी सामान देत नाही, घरावर रंग फेकलाय. मी म्हटलं, वकील मिळंल. ते कुणाच्या मर्जीवर न्हाई.

"ठासून सांगितलं रं मी त्येला. तूच मला शिकवलंयस त्ये, टॅक्सीचं. आन दुसऱ्या दिवशी तू मला मांजार दिलंस."

विल्फनं आपला ग्लास बाजूला सरकवला.

"तू म्हणशील तर मी लिहून देतो, माझ्या ऐकण्यात चूक झाली," सिरिल म्हणाला. "चाळीस वर्सांची वळख हाय. पर मला म्हणायला लावू नगंस."

म्हणजे आता वाटा दोन झाल्या होत्या, दोन्ही सोप्या. विल्फ पार्क स्क्वेअरला परत जायच्या ऐवजी बाजारातून, स्टेशनावरून, कालव्याच्या कडेनं भटकत राहिला. पाय थांबायला तयार नव्हते. स्टेशनाबाहेर टॅक्स्यांची रांग होती. एका गाडीनं एका माणसाला घेतलं, त्याच्या हातात पिंजरा होता आणि पिंजऱ्यात कोंबडा. ड्रायव्हरनं तोंड वाकडं केलं, पण दार उघडलं. विल्फनं रस्ता ओलांडला.

एकवीसमधले अठरा दिवस गेले तेव्हा मिस हेब्डननं त्याला वर बोलावलं. तिनं उत्तर लिहून ठेवलं होतं आणि ते त्याच्यापुढं सरकवलं. सहा ओळी. माझ्या कारकुनानं माझ्या नावानं जे सांगितलं ते मीच सांगितलं असं धरावं. मला ते माहीत नव्हतं. पण माझ्या नावानं काय बोललं जातं ते माहीत असणं हे माझं काम होतं. आरोप मला मान्य आहे.

"मिस, ह्ये धाडू नगा," विल्फ म्हणाला. "रेशीम जाईल. मी लिवतो, मीच केलं, तुमच्या काळजीपायी..."

ती ताडकन उठली. कोर्टात तिची भाषा इस्त्रीची असायची, बीबीसीवर चालेल अशी. पण राग आला की खाली दडपलेली खाणीची बोली वर यायची, आणि ती आत्ता आली.

"काळजी? मला इचारलं हुतं का? माझा बा म्हणला असता, घिऊ नगंस. त्येला काय सांगायचं त्ये मी बघितलं असतं. गेल्या साली संपातल्या पोरांसाठी उभी ऱ्हायले तवा सगळं म्हणत हुते, ही त्यांच्यातलीच हाय. मी म्हणायची, न्हाई, मी रांगेत उभी हाय, जो येईल त्येची हाय. तेवढंच बळ हुतं माझ्याकडं. त्ये तुमी खोटं पाडलं. आता कुणीबी म्हणंल, बघा, दुसरं गिऱ्हाईक आलं तवा गाडीनं 'मोकळी हाय'चा दिवा विझवला."

विल्फनं तोंड उघडलं, पण ती थांबली नव्हती.

"आन माझ्यासाठी म्हणू नगा. खरं सांगा. माझ्यासाठी केलंत, का टेड लंबसाठी?"

ह्या अठ्ठावीस दिवसांत त्यानं हा प्रश्न स्वतःला एकदाही विचारला नव्हता, आणि विचारू नये म्हणूनच तो एवढा चालत होता.

"टेडसाठी," तो म्हणाला. "त्या बेन्याला चांगला वकील मिळू नये असं वाटलं, मिस. तुमी उभ्या ऱ्हायला असता तर तो सुटला असता. मला त्यो आत पायजे हुता."

ती हळूहळू खाली बसली. रागाची वाफ गेली आणि इस्त्रीची भाषा परत आली.

"ते लिहा," ती म्हणाली. "तेवढंच लिहा. बाकी काही नको."

त्यानं ते शाईनं लिहिलं. चार कागद फाडले, पाचवा राहिला. मिस्टर ऑइस्टन ह्यांनी तो वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, ह्यानं चेंबरचं काय होईल ह्याचा विचार केलास का? विल्फनं केला होता. आपण काढलेल्या सोयीच्या वाटेबद्दल ऑइस्टनसाहेब काही बोलले नाहीत; विल्फही बोलला नाही. इस्टरनंतर कारकुनाच्या जागेचा विचार करावा लागेल, एवढं त्यांनी छताला सांगितलं.

डिसेंबरात दोघं लंडनला गेले. लांब टेबलापलीकडं पाच माणसं बसली होती. चार वकील, आणि पाचवी एक निवृत्त शाळामास्तरीण, वकिलांनी वकिलांचाच न्याय करू नये म्हणून बसवलेली. मिस हेब्डनचा आरोप वाचून झाला, तिनं कबूल केला. विल्फनं आपला सूट घातला होता, मुलीच्या लग्नातला. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, शिक्षा द्यायची ती मला द्या.

अध्यक्ष सभ्य माणूस होता. त्यानं पुस्तक उघडून दाखवल्यासारखं केलं.

"मिस्टर टिपलेडी, तुमच्यावर आरोपच नाही. तसा तो ठेवता येत नाही. हे नियम बॅरिस्टरांसाठी आहेत. कारकून ह्यात येतो तो बॅरिस्टरनं त्याच्यावर नजर ठेवावी एवढ्यापुरता. तुम्ही साक्षीदार आहात."

इतकी वर्षं ज्या पुस्तकाचा पाढा त्यानं पोरांकडून घोकून घेतला त्या पुस्तकात तो माणूस म्हणून नव्हताच. असता तर मार खाऊन मोकळा झाला असता. आता त्याचा मार शेजारी उभी असलेली बाई खाणार होती.

मास्तरणीनं मान वर केली आणि विचारलं, हे नाव तुम्ही आधी कधी वापरलं होतं का?

विल्फ म्हणाला, व्हय. सर लोक मासं धरायला जायचं तवा.

एक वकील खोकल्यासारखं हसला. मास्तरीण हसली नाही. कुणाचं काही बिघडलं नाही ना, मग पुढच्या वेळी सोपं गेलं असेल, म्हणाली, आणि वहीत काहीतरी लिहिलं. तेवढं एकच वाक्य विल्फ घेऊन घरी आला. बाकीचं सगळं कायद्याचं होतं.

निकाल त्याच दिवशी झाला. मिस हेब्डनला समज, ती तिच्या नावापुढं नोंदवली जाईल. तिनं कारकुनाच्या कामावर लक्ष ठेवायची रीत घालावी आणि तीन महिन्यांत कळवावी. एवढंच. पण पुढं एप्रिलात रेशमाची यादी आली तेव्हा तिच्यात हेब्डन नाव नव्हतं, आणि ते का नाही हे कुणी कुणाला विचारलं नाही.

निकालाच्या संध्याकाळी, लंडनहून परतीच्या गाडीत, विल्फनं खिशातून राजीनामा काढला. डॉनकास्टर येईपर्यंत तो हातात धरून बसला होता, घामानं मऊ झाला होता. मिस हेब्डननं तो घेतला, न वाचता पर्समध्ये टाकला.

"हे नंतर. सकाळी आधी मर्गट्रॉइडना फोन लावा. संपाच्या खटल्यांची गर्दी झालीये, ब्लेमायर्सची तारीख फेब्रुवारीत गेली आहे. त्यांना अजून कुणी मिळालेलं नाही. मी मोकळी आहे."

"मिस..."

"मी मोकळी आहे, विल्फ."

त्यानं फोन लावला. सिरिलनं ह्या वेळी शिवीनं सुरुवात केली, त्यामुळं विल्फला जरा बरं वाटलं. दुपारपर्यंत गुलाबी फितीतला गठ्ठा टेबलावर आला. विल्फनं तो उचलून वर नेला. चार पौंड वजन असेल, पण जिन्यात त्याला दोनदा थांबावं लागलं.

फेब्रुवारीत खटला उभा राहिला. मिस हेब्डनच्या बापानं तिच्याशी बोलणं टाकलं. रविवारी आईचा फोन यायचा आणि मागं बापाचा रेडिओ मोठा व्हायचा. कोर्टाच्या दारात थॉर्नवेलची माणसं उभी असायची. आरडाओरडा करत नव्हती, नुसती बघायची, आणि मिस हेब्डन झग्याची पिशवी घेऊन त्यांच्यामधून जायची. मागं दोन पावलांवर विल्फ, कागदांचं ओझं घेऊन. त्यातल्या निम्म्या तोंडांची नावं त्याला पाठ होती. एकानंही त्याला हाक मारली नाही. शेवटी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे: जाणूनबुजूनचा आरोप ज्युरीनं सोडला, बेफिकिरीचा धरला, ब्लेमायर्स दोन वर्षांसाठी आत गेला. कुणाचंच समाधान झालं नाही.

पण विल्फच्या मनात राहिला तो निकाल नव्हे. खटल्याचा दुसरा दिवस राहिला. त्या दिवशी टेड लंब साक्षीला उभा होता आणि मिस हेब्डन त्याची उलटतपासणी घेत होती. विल्फ आत थांबू शकला नाही. बाहेर लांबच लांब दगडी व्हरांडा, त्यात एक बाक, आणि बाकावर टेडची आई डोरिस लंब, मांडीवर हातपिशवी. तिच्यानंही आत बसवेना. विल्फ बाकापाशी उभा राहिला.

दार नीट लागत नव्हतं. फटीतून मिस हेब्डनचा आवाज यायचा, शांत, एकसुरी. पहिला दगड ट्रकला लागला तेव्हा तुम्ही काचेपासून किती हात होतात, मिस्टर लंब? दगड तुमच्या हातात होता का? होता. नंतर? मग टेडचं पुटपुटणं, मग पुन्हा ती. आवाज चढत नव्हता, आणि प्रत्येक प्रश्नाबरोबर आधीच्या उत्तरातलं काहीतरी गळून पडत होतं. विल्फनं असलं काम चाळीस वर्षं ऐकलं होतं. हे चांगलं होतं. चांगलं म्हणजे, त्यानं ऐकलेल्यातलं सगळ्यात चांगलं.

"ती तुमच्याकडली ना?" डोरिसनं विचारलं.

"व्हय."

"हेब्डनची पोर. वर्षभर हिचा बाप आमच्या फाटकावर माझ्या हातचं सूप प्याला." तिनं दाराकडं बघितलं. "फाडतीया माझ्या पोराला."

"तिचं काम हाय त्ये, डोरिस. त्यो नसता तर दुसऱ्या कुणासाठीबी तिनं आसंच केलं असतं. तुझ्या टेडसाठीबी."

"असंल," ती म्हणाली. आत टेड म्हणत होता, मला आठवत नाही. "हिला त्येच्याकडं धाडली कुणी पर?"

विल्फकडं उत्तरं बरीच होती. नियमानं धाडली. कोर्टानं. मर्गट्रॉइडनं मागितली. तिनं स्वतःच म्हटलं, मी मोकळी आहे.

"म्या," तो म्हणाला.

डोरिसनं त्याच्याकडं बघितलं, कोळशाच्या गावातली माणसं बघतात तसं, डोळे न हलवता. मग मांडीवरची हातपिशवी उचलली आणि शेजारी बाकावरच्या मोकळ्या जागेत ठेवली. विल्फ उभाच राहिला. आत पुढचा प्रश्न सुरू झाला होता.